रडायचं काम वाचकाचं: लोकांना कळवळा यावा असं लिहायचं, बोलायचं कसं

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भांडुपच्या चाळीतल्या एका रिक्षावाल्या दादासाठी मी मदतीचा मेसेज लिहिला. दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिस चालू, घरात दोन पोरं. मी लिहिलं, "अत्यंत गरीब व असहाय कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे, माणुसकीच्या नात्याने फूल ना फुलाची पाकळी मदत करावी, कृपया जास्तीत जास्त ग्रुपवर फॉरवर्ड करा", आणि खाली सहा वेळा हात जोडलेले. तीन दिवसांत परत एकोणीस हात जोडलेले आले, चार "देव बरं करो" आले, आणि पैसे आले अकराशे, त्यातले पाचशे माझ्या सख्ख्या भावाचे.

दहा दिवसांनी मी तोच मेसेज नव्याने लिहिला आणि चार दिवसांत लागणारे सगळे पैसे जमले, वर दोघांना "आता नको, झालं" म्हणून सांगावं लागलं. आजार तोच, घर तेच, माणसंही जवळजवळ तीच, बदललं होतं ते लिहिणं आणि पाठवणं. मी काही लेखिका वगैरे नाही, ऑफिसात पत्रव्यवहार बघते आणि वीसेक वर्षं चाळीतल्या लोकांना अर्ज लिहून देते, शाळेच्या फीपासून रेशनकार्डापर्यंत. पण तो पहिला मेसेज फसला तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागले, जुनं नवं वाचलं, आणि जे हाती लागलं ते इथे लिहितेय. अर्ज लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल, कथा लिहिणाऱ्यालाही, आणि ज्याला उद्या कोणाकडे सांत्वनाला जायचंय त्यालाही.

आधी एक शब्दांचा घोळ सोडवून टाकू. आपण कीव, दया, सहानुभूती सगळं एकाच पिशवीत टाकतो, पण कोणाला "मला तुझी कीव येते" म्हणून बघा, मारायला उठेल. कीव म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघणं. सहानुभूती म्हणजे त्याच रांगेत मागे उभं असणं. अनुकंपा हा एवढा छान शब्द, तो बिचारा आता सरकारी नोकरीच्या फायलीतच उरलाय. तुकोबांच्या "जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले" मध्ये रंजले गांजले सगळ्यांना पाठ असतं, पण काम करतो तो शब्द आहे आपुले. आता कामाला लागू.

पहिलं: लिहिण्याआधी तीन प्रश्न

ॲरिस्टॉटलने साधारण तेवीसशे वर्षांपूर्वी वक्तृत्वावरच्या पुस्तकात करुणेची जी व्याख्या केली ती आजही चाळणीसारखी वापरता येते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की दुसऱ्याचं दुःख बघून आपल्याला तेव्हा वाईट वाटतं जेव्हा ते त्याच्या वाट्याला नाहक आलेलं असतं, जेव्हा ते आपल्यावर किंवा आपल्या माणसावरही येऊ शकेल असं वाटतं, आणि जेव्हा ते जवळ दिसतं. म्हणजे प्रश्न तीन. नाहक आहे का? माझ्यावर येऊ शकतं का? जवळ आहे का?

माझ्या पहिल्या मेसेजला ही चाळण लावली तर तो तिन्ही ठिकाणी नापास. "गरीब, असहाय" म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं हे आपलं नाही, हे दुसऱ्या कोणाचंतरी आहे, कारण स्वतःला असहाय समजणारा माणूस मुंबईत शोधून सापडायचा नाही, इथे ज्याच्या डोक्यावर तीन लोन आहेत तोही स्वतःला "मॅनेज होतंय" म्हणतो. पण "आठ आठवडे कामावर जाता येणार नाही" म्हटलं की प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो, कारण महिन्याच्या पगारावर उभा असलेला प्रत्येक माणूस मनातल्या मनात हा हिशोब कधी ना कधी करून बसलेला असतो. तीच परिस्थिती, फक्त खिडकी बदलली.

जवळ असण्याचं तर बघायलाच नको. ॲडम स्मिथ, ज्याला आपण अर्थशास्त्रासाठी ओळखतो, त्याने १७५९ साली लिहून ठेवलंय की चीनमध्ये भूकंप होऊन सगळा देश गडप झाला असं कळलं तरी युरोपातला सज्जन माणूस हळहळेल, चार चांगले विचार मांडेल आणि रात्री घोरत झोपेल, पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असं कळलं तर त्याला रात्रभर झोप नाही. आता याच्या उलट २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस, लोक ऑफिसातून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी निघालेले, आणि रस्त्याकडेच्या वस्तीतली माणसं अनोळखी लोकांना बिस्किटं, पाणी, चहा देत उभी. कोणी कोणाला आवाहन केलं नव्हतं. प्रत्येकाचं कोणीतरी त्या पाण्यात अडकलेलं होतं, तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप हो. (नंतर त्याला स्पिरिट ऑफ मुंबई म्हणून जे लेबल लावलं त्याने मात्र माझं डोकं फिरतं, एकदा स्पिरिट म्हटलं की मग नाल्यांचं काय झालं हे कोणी विचारत नाही.)

फार जवळही चालत नाही हं. ॲरिस्टॉटलच इजिप्तच्या एका राजाची गोष्ट देतो, मुलाला मारायला नेत होते तेव्हा तो रडला नाही, पण म्हातारा मित्र भीक मागताना दिसला तेव्हा रडला. मुलाचं दुःख इतकं आपलं की तिथे करुणा उरतच नाही, नुसती दहशत. म्हणून कॅन्सर पेशंटच्या आईला दुसऱ्या कॅन्सर पेशंटची आर्त गोष्ट पाठवू नका, ती वाचणार नाही, फोन उलटा करून ठेवेल.

दुसरं: माणूस एकच धरा

२००७ सालचा अमेरिकेतला एक प्रयोग आहे. लोकांना एक फॉर्म भरायचे पाच डॉलर दिले आणि नंतर त्यातले काही दान द्यायची संधी दिली. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दाखवले, लाखो लोक वगैरे. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. आकडेवाल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियावाल्यांनी २.३८, म्हणजे दुपटीहून जास्त. गंमत पुढे आहे. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले, तर देणगी वाढायच्या ऐवजी १.४३ वर घसरली. आकडे आले की माणसाच्या डोक्यात कॅल्क्युलेटर चालू होतो आणि कॅल्क्युलेटरला कळवळा येत नाही.

म्हणून "देशात लाखो किडनी पेशंट आहेत" हे वाक्य मी उडवलं. पण लक्षात घ्या, आकडे सगळेच वाईट नाहीत. आपत्तीचा आकडा माणसाला लहान करतो, हिशोबाचा आकडा त्याला जवळ आणतो. दुसऱ्या मेसेजात मी लिहिलं, २४ डायलिसिस, एकाचे ३५० रुपये, हा आकडा वाचून कोणी गांगरत नाही, उलट खिशाकडे हात जातो.

यात एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याला चेहरा आहे, ज्याची गोष्ट सांगायला कोणी आहे, त्याला मदत मिळते आणि शेजारच्या खाटेवरचा तसाच राहतो. परळला हॉस्पिटलांच्या बाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक प्लास्टिक बांधून राहतात, त्यातल्या किती जणांना अर्ज लिहिता येतो? म्हणून गोष्ट सांगायच्या आधी नियम वापरून बघा. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा अगदी निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, २००६ पासून मुंबई हायकोर्टाने त्याची योजना घालून दिलेली आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटायचं, तिथे नाही म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला. जिथे हक्क आहे तिथे हात पसरायचा नाही. मला एकदा एका बिलिंग काउंटरवर "तुम्ही ताई फार छान लिहिता, लोक देतील की" असं सांगून या खाटांबद्दल बोलायचंच टाळलं होतं, तेव्हापासून मी आधी दाखला मागते आणि मग पेन काढते.

तिसरं: भावनेचं नाव घ्यायचं नाही

सगळ्यात महत्त्वाचं हेच, त्यामुळे इथे जरा बसू.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी टिकून असलेली भावना, शोक. पण शोक प्रेक्षकापर्यंत पोचवायचा तर काय लागतं? विभाव, म्हणजे ज्यामुळे शोक झाला ती माणसं आणि ती परिस्थिती. अनुभाव, म्हणजे शोक झाल्यावर शरीरात, वागण्यात दिसतं ते. आणि येणारे जाणारे संचारी भाव, चिंता, थकवा, आठवण. या सगळ्याचा संयोग झाला की रस प्रेक्षकाच्या आत तयार होतो. नटाने स्टेजवर येऊन "मला फार शोक झाला आहे" म्हटलं तर काहीच तयार होत नाही. पुढे मम्मट नावाच्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाशात रसाचे दोष सांगितले त्यात हा दोष अगदी वरच आहे, रसाला किंवा भावाला त्याच्याच नावाने सांगून टाकणं. म्हणजे "दुःखाचा डोंगर कोसळला" हे माझं वाक्य सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच नापास झालेलं.

रशियन लेखक चेकॉव्हनेही १८९२ साली एका लेखिकेला पत्रातून हेच कळवलं होतं, की वाचकाला हलवायचं असेल तर तुम्ही जरा थंड राहा, म्हणजे पात्रांचं दुःख उठून दिसेल.

हे करायचं कसं? तपशील शोधून. आणि तपशील "तुम्हाला काय वाटतं" विचारून मिळत नाही, त्याचं उत्तर नेहमी "काय सांगू ताई" असंच येतं. मी त्या दादाला विचारलं, "आज सकाळपासून काय काय केलंस ते सांग."

म्हणाला, "काय नाय. उठलो, गाडी पुसली."

"चालवत तर नाहीस ना?"

"नाय. पुसली फक्त. मग गाडीत बसून चेंडू दाबला."

"कसला चेंडू?"

मग कळलं. डायलिसिससाठी त्याच्या डाव्या हातात नस जोडून फिस्टुला केला होता, तो तयार व्हायला सहा-आठ आठवडे तरी जातात, तोवर गळ्यातल्या नळीवर काम. त्या हाताला वजन नको, हिसका नको, पण नस फुगावी म्हणून मऊ रबरी चेंडू दाबत राहायचा. तो चेंडू घेऊन तो घरात बसायचा नाही, खाली उभ्या असलेल्या रिक्षात पुढच्या सीटवर बसायचा. रिक्षाचा क्लच डाव्या हातात असतो, क्लच दाबून मनगट फिरवलं की गियर पडतो, स्टेशन ते टेंभीपाडा एका फेरीत सत्तर-ऐंशी वेळा. "क्लच पण डाव्या हाताला आणि फिस्टुला पण डाव्याच हाताला," तो हसून म्हणाला, जसं काही तीच त्यातली गंमत.

हे ऐकून मला जे झालं ते मी मेसेजात लिहिलं नाही. क्लच आणि फिस्टुला लिहिलं.

तुम्हीही कोणासाठी लिहिणार असाल तर असले प्रश्न विचारा: काल रात्री काय जेवलात, कोणाचा फोन आला होता, या महिन्यात कोणती वस्तू घ्यायची पुढे ढकलली, हॉस्पिटलला कोणत्या गाडीने जाता, तिथे थांबता तेव्हा कुठे बसता, हे आजारपण गेलं की पहिलं काय करणार. उत्तरं आली की त्यातलं एकच घ्या. तपशील तीन झाले की वाचणाऱ्याला वास येतो की आपल्याला रडवायचा घाट घातलाय.

कथा लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

आपल्याकडे कर्णावर जितकं प्रेम आहे तितकं अर्जुनावर नाही, कादंबऱ्या, नाटकं, भाषणं, सगळीकडे कर्ण. तो काही साधा सरळ माणूस नाही, भर सभेत द्रौपदीचा अपमान करण्यात तो पुढे होता. तरी जीव तुटतो तो कोणासाठी? आखाड्यात कौशल्य दाखवायला उतरलेल्या पोराला कूळ विचारलं जातं तिथे आपण त्याच्या बाजूचे होऊन जातो आणि मग शेवटी रथाचं चाक रुतेपर्यंत त्याला सोडत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो ते इथे फिट बसतं, शोकांतिकेचा नायक ना धड संत ना धड दुष्ट, आणि त्याचा घात होतो तो एखाद्या चुकीमुळे. संतावर संकट आलं की आपल्याला राग येतो, दुष्टावर आलं की बरं वाटतं, मधल्यावर आलं की आपण गलबलतो.

तर तुमच्या पात्राला दोष द्या, आणि आधी अन्याय दाखवा, दोष नंतर. क्रम उलटा केला तर वाचक हातातून गेला. त्याला एक छोटी, साधी इच्छा द्या, जगावर राज्य करायची नको, पगार झाल्यावर आईला एसी लोकलने फिरवून आणायची असली. आणि तो स्वतः रडला तर चालेल, फक्त पानभर नको.

चौथं: माणूस स्वतः काय करतोय ते दिसू द्या

जुन्या ग्रीसमध्ये कोर्टात आरोपी आपल्या पोराबाळांना रडत उभं करायचे, इतकं की त्यावर ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात एका कुत्र्यावरचा खटला आहे आणि त्यात पिल्लांना केकाटायला आणतात. सॉक्रेटिसने मात्र आपल्या खटल्यात सांगितलं की मलाही तीन मुलगे आहेत, पण मी त्यांना इथे आणणार नाही. त्याला मृत्युदंड झाला हेही खरं, त्यामुळे ही ट्रिक म्हणून वापरू नका.

रोमन गुरुजी क्विंटिलियनने एक भारी किस्सा लिहून ठेवलाय. वकिलाने कोर्टात एका लहान मुलाला रडवण्यासाठी उभं केलं. मुलगा जोरजोरात रडायला लागला. त्याला विचारलं, बाळा का रडतोस? तो म्हणाला, मागून मास्तर चिमटे काढतायत. खेळ खलास.

आपल्या मेसेजमधले चिमटे म्हणजे "त्या चिमुकल्यांच्या डोळ्यातले अश्रू बघवत नाहीत", "देवासारखे धावून या", "शेअर न करता पुढे गेलात तर". वाचणारा चिमटा ओळखतो. त्याच्या जागी माणूस स्वतः काय खटपट करतोय ते ठेवा: बायकोने शिलाईचं काम दुप्पट घेतलंय, मोठा पोरगा संध्याकाळी मेडिकलमध्ये उभा राहतो, भिशीचे पैसे उचललेत. जो हातपाय मारतोय त्यालाच दोर टाकावासा वाटतो.

पाचवं: मागणं स्वच्छ, आणि लगेच

प्राचीन वक्त्यांमध्ये एक वचन होतं, अश्रूइतकं लवकर काहीच सुकत नाही. म्हणजे कळवळा आला की त्याच ओळीखाली मागणं हवं. हा माझा दुसरा मेसेज, नाव गाळून:

"वय ४१, सोळा वर्षं भांडुप स्टेशन ते टेंभीपाडा शेअर रिक्षा चालवतात. रिक्षाचा क्लच डाव्या हातात असतो. डायलिसिससाठी केलेला फिस्टुलाही डाव्याच हातात. तो भरून यायला आठ आठवडे, तोवर गाडी उभी. हे आठ आठवडे काढायचेत. डायलिसिस २४ वेळा, ३५० प्रमाणे ८,४००. खोलीचं भाडं दोन महिने १४,०००. किराणा-दूध १२,०००. एकूण ३४,४००. पत्नी शिलाई करतात त्यावर पोरांची शाळा चालू आहे, त्यासाठी नको. एक डायलिसिस किंवा एका आठवड्याचा किराणा उचलणार असाल तर मला फोन करा, पावत्या माझ्याकडे आहेत. रक्कम झाली की मी इथेच थांबा म्हणून कळवेन."

"त्यासाठी नको" या दोन शब्दांनी किती काम केलं म्हणून सांगू, तीन जणांनी फोन करून तेच बोलून दाखवलं. जो काहीतरी नको म्हणतो त्याच्या मागण्यावर विश्वास बसतो.

आता पाठवायचा कसा. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला एक प्रयोग झाला, शेजारच्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ज्यांना वाटलं आपण एकटेच ऐकतोय त्यातले ८५ टक्के मदतीला धावले, ज्यांना वाटलं आणखी चार जण ऐकतायत त्यातले ३१ टक्केच. आता तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनशे जण आहेत, करा विचार. म्हणून मी दुसरा मेसेज ग्रुपवर टाकलाच नाही, बावीस जणांना एकेकट्याला पाठवला, वर त्याचं नाव आणि एक ओळ, "तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही पण त्याच सेंटरला जात होतात म्हणून तुम्हाला." प्लॅटफॉर्मवर कोणी चक्कर येऊन पडलं तरी हेच, "अहो कोणीतरी बघा" असं ओरडू नका, "ओ निळा शर्ट, तुम्ही १३९ लावा" म्हणा, तो रेल्वेचा मदतीचा नंबर.

आणि वेळ. प्रिन्स्टनमध्ये १९७३ साली पाद्री व्हायला शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केला, वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यातले १० टक्के. धर्माचे विद्यार्थी, तरी. तर सकाळी सव्वानऊला, माणूस लोकलच्या दारात एका हाताने लटकलेला असताना त्याला करुणेचा मेसेज पाठवू नका. रात्री साडेनऊ, जेवणं झाल्यावर. पगाराच्या नंतर, चार-पाच तारखेला.

सभेत आणि चळवळीत

इथे मी थोडक्यात उरकते, कारण मी भाषणं करत नाही. पण मुंबईत राहून अण्णाभाऊ साठ्यांकडे बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुद्दा होता सीमेचा, नकाशाचा, आणि नकाशा बघून कोणाला हुंदका येत नाही. अण्णाभाऊंनी छक्कड लिहिली "माझी मैना गावावर राहिली". पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावाकडे राहिलेली बायको, तिची आठवण. समोर बसलेला गिरणी कामगार, ज्याची स्वतःची मैना सातारा-कोकणात राहिलेली, तो आधी आपल्याच दुःखाने हलतो, आणि मग त्याच सुरात बेळगाव, कारवारची ताटातूट येते. विरह त्याच्याकडे आधीच होता, अण्णाभाऊंनी फक्त त्याला पत्ता दिला. जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूडमध्ये उलटी वाट धरली, विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली असं एकेक पायरी उतरत शूद्र खचले इथपर्यंत आणलं, म्हणजे हळहळून थांबायचं नाही, कारण शोधायचं.

सहानुभूतीच्या लाटेची ताकद १९८४ च्या डिसेंबरात दिसली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसला लोकसभेत चारशेच्या वर जागा. त्याच्या आदल्याच महिन्यात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिल्लीत हजारो शीख मारले गेले, त्यांच्यासाठी तशी लाट आली नाही. एकाच वेळी देशाचा कळवळा कुठे वाहतो आणि कुठे आटतो हे बघायचं असेल तर ते दोन महिने बघावेत.

सांत्वनाला जाताना

इथे कळवळा जागवायचा नसतो, दाखवायचा असतो, आणि आपण इथेच जास्त चुकतो. दारात पाय ठेवला की "कसं झालं हो?" पाचवीपासून पंचाहत्तरीपर्यंत प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं आणि त्या घरच्या सुनेने तीच गोष्ट दिवसात चाळीस वेळा सांगितलेली असते. मग "माझ्या मावसभावाचं पण सेम झालं". मग "सुटले बिचारे". हे तिन्ही बंद करा.

त्याऐवजी मेलेल्या माणसाची एक आठवण घेऊन जा, छोटी, खरी. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातले एक काका आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुझा बाप लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून मुलुंडपर्यंत उभ्या माणसाची बॅग मांडीवर घ्यायचा, कोणाची आहे ते न विचारता." बस, एवढंच. बाकी काय काय बोलून गेलं कोण, काही आठवत नाही. आणि "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "उद्या दुपारचा डबा माझ्याकडून, किती माणसं आहात?" असं विचारा.

स्वतःसाठी मागायची वेळ आली, साहेबाकडे रजा वगैरे, तर वरचंच सगळं स्वतःला लावून वापरा: एक कारण, एक तपशील, किती दिवस, आणि तुमचं काम तोवर कोण करणार. घरच्या पाच अडचणींची यादी वाचून दाखवली की साहेबाला वाटतं ही रोजचीच रड आहे.

शेवटचं, पण पाठवायच्या आधीचं: ज्याची गोष्ट आहे त्याला वाचून दाखवा

फोटो टाकायचा का, नाव टाकायचं का, हे त्याने ठरवायचं, तुम्ही नाही. पोरांचे फोटो तर नकोच, ते उद्या शाळेत जाणार आहेत आणि वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर तोच फोटो फिरलेला असणार. पैसे आले की हिशोब त्याच लोकांना पाठवा, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत नाही.

त्या दादाला मी दुसरा मेसेज पाठवायच्या आधी वाचून दाखवला होता. त्यात सुरुवातीला मी लिहिलं होतं की बायकोने मंगळसूत्र मोडलं. मला वाटलं होतं हीच ओळ लोकांना लागणार, एवढ्या अभ्यासानंतरसुद्धा मी तिथेच येऊन अडकले होते. क्लचचं कुठेतरी खाली, चौथ्या ओळीत होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, चेंडू दाबत, आणि मग म्हणाला, "ताई, ते गळ्यातल्याचं काढा. तिच्या माहेरी माहीत नाय अजून."

काढलं. वरची जागा रिकामी झाली.

"तिथं क्लचचं टाका," तो म्हणाला. "रिक्षावाल्यांना तरी समजंल."